गोठ्यातली फियाट

शिरूर तालुक्यातल्या रांजणगाव एमआयडीसीत फियाट आणि टाटांचा संयुक्त कारखाना आहे. २०१७ पासून तिथून जीप कंपास बाहेर पडते. त्याच तालुक्यात, आणि भीमेपलीकडच्या दौंड तालुक्यातही, दुसरी एक फियाट आढळते. ती पडवीत, गोठ्याच्या कडेला किंवा बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीमागे उभी असते. टायर जमिनीला टेकलेले, टपावर कडब्याच्या पेंढ्या, आणि मागच्या सीटवर कोंबडी अंड्यावर. घरचे तिला अजून फियाटच म्हणतात, बॉनेटवर ‘प्रीमिअर’ असं लिहिलेलं असलं तरी. रांजणगावच्या कारखान्याचा तिला नावापलीकडे काही उपयोग नाही. तिच्या मापाचा साधा बुशसुद्धा तिथे बनत नाही. ती आली कुर्ल्याहून.

कुर्ल्याच्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सचे संस्थापक वालचंद हिराचंद. दौंडशेजारच्या इंदापूर तालुक्यात साखर कारखान्याभोवती वालचंदनगर वसवलं तेही त्यांनीच. कंपनी १९४४ ची. सुरुवातीला अमेरिकी गाड्या आणि ट्रक जोडले, मग इटलीच्या फियाटशी करार झाला आणि १९५४ पासून फियाट ११०० आली, जिला लोकांनी ‘डुक्कर फियाट’ म्हणून टाकलं. १९६४ मध्ये ११००डी आली. तिचंच नाव १९७४ पासून प्रीमिअर पद्मिनी झालं आणि किरकोळ फेरफार करत ती विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत बनत राहिली. तालुक्याच्या गावात ती डॉक्टरकडे, वकिलाकडे, अडत्याकडे किंवा मोठ्या बागाईतदाराकडे असायची. मारुती ८०० आली आणि तिची जागा हळूहळू दारातून परसात सरकली.

अशी गाडी पुन्हा रस्त्यावर आणायची म्हटली की लोक पहिल्यांदा इंजिनाचं विचारतात आणि त्या पाठोपाठ रंगाचं. पैसे मोजके असतील तर या दोन्ही गोष्टींची काळजी शेवटी करायची. आधी कागद, मग पत्रा, मग ब्रेक, त्यानंतर इंजीन. रंगाचा नंबर अगदी शेवटी. हा क्रम मोडला की पैसा दोनदा जातो. नवा रंग मारलेल्या गाडीचा तळ कापावा लागतो, किंवा इंजिनाचं पूर्ण काम झाल्यावर कळतं की आरटीओच्या दप्तरी गाडीची नोंदणीच रद्द आहे. अर्धवट सोडलेल्या गाड्यांची कुंडली पाहिली तर बहुतेकींत क्रमाचीच चूक सापडते.

म्हणून आधी कागद. पंधरा वर्षं झाली की पेट्रोल गाडी मोडीतच काढावी लागते, ही अफवा पारावर घट्ट बसली आहे. ते बंधन दिल्ली आणि भोवतालच्या राजधानी क्षेत्रातलं. महाराष्ट्रात खासगी गाडीची पंधरा वर्षांची नोंदणी संपली की फॉर्म २५ भरून, तपासणी करून घेऊन, पर्यावरण कर भरून पुढची पाच वर्षं मिळतात. त्यानंतर पुन्हा पाच. मूळ मालक वारला असेल, आणि अशा गाड्यांत तो बहुधा वारलेलाच असतो, तर वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१ लागतो. विकत घेतली तर २९ आणि ३०. एमएच-१२ वगैरे नंबरांची पद्धत १९८९ च्या मध्यापासूनची. त्याआधीचा तीन अक्षरी नंबर असेल तर तो संगणकावर चढला आहे का, हे आधी पाहायचं. चढला नसेल तर जुन्या रजिस्टरातून शोधून घ्यावा लागतो, आणि त्याला फेऱ्या घालाव्या लागतात. बॉनेटखालचा चासी नंबर आणि पुस्तकातला नंबर अक्षरन् अक्षर जुळला पाहिजे. गंजलेली पट्टी घासून ‘स्वच्छ’ करायचा उत्साह इथे महागात पडतो. नंबरच पुसला गेला तर पुढचा सगळा खर्च पाण्यात.

२०२१ पासून पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांसाठी ‘व्हिंटेज’ अशी वेगळी नोंदणी सुरू झाली आहे. नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात, नव्या नोंदणीला वीस हजार रुपये पडतात. १९७४ ची पद्मिनी २०२४ मध्ये या रांगेत आली. पण अशी गाडी रोजच्या कामाला वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर काढायची. ज्याला गाडीतून आठवडे बाजाराला जायचं आहे त्याने या मानाच्या नंबरामागे लागू नये. साधं नूतनीकरण त्याच्या कामाचं.

आता पत्रा. शिरूर-दौंड हा पर्जन्यछायेचा पट्टा. वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस. मुंबईत याच्या चौपट पडतो आणि वर समुद्राची खारी हवा. त्यामुळे इथे कोरड्या पडवीत पंचवीस वर्षं उभी असलेली पद्मिनी मुंबईत दहा वर्षं फिरलेल्या पद्मिनीपेक्षा सांगाड्याने ठणठणीत निघू शकते. मात्र ‘कोरड्या’ हा शब्द महत्त्वाचा. गोठ्यात मुताचा अमोनिया असतो. तो पितळेला आणि तांब्याला खातो, म्हणजे रेडिएटर आणि वायरींची टोकं गेली. त्याहून वाईट शेजार खताच्या पोत्यांचा. युरिया, पोटॅश हवेतला ओलावा ओढतात, आणि ते क्षार पत्र्यावर सांडले की दहा पावसाळ्यांचं काम दोन वर्षांत करतात. गाडीत कोणी खताची पोती ठेवली होती का, हा प्रश्न इंजीन चालू होतं का, यापेक्षा आधी विचारावा.

पत्र्याला एवढं महत्त्व देण्याचं कारण गाडीच्या बांधणीत आहे. जुन्या जीपला खाली लोखंडी चासी असते आणि वरचा डबा तिच्यावर बोल्टांनी बसवलेला. डबा कुजला तर सपाट पत्रे कापून दुसरा करता येतो; ट्रॉली बनवणारा कारागीरही ते काम करतो. फियाट ११०० ला वेगळी चासीच नाही. तळ, दारांखालच्या पोकळ पेट्या, खांब आणि टप मिळूनच तिचा कणा होतो. दारांखालच्या त्या पेट्या आतून सडल्या की गाडी मधोमध खचते. तपासायला यंत्र लागत नाही. चारही दारं उघडून हलकेच लावून पाहायची. मग एका बाजूला, जॅक लावायच्या जागी गाडी उचलून तीच दारं पुन्हा लावायची. आता दार घासायला लागलं, किंवा फट वरून खालपर्यंत सारखी राहिली नाही, तर कणा गेला आहे. तळावरचं रबर आणि त्याखालचं तागाचं पोतेरं उचलून स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जायचं. चांगला पत्रा खणखणतो, सडका बद्द वाजतो. लोहचुंबक कुठे चिकटत नसेल तर तिथे पत्रा नाही, लांबी आहे.

कणा गेलेली गाडी कमी पैशांच्या माणसाने घेऊ नये. घरचीच असेल, आजोबांची असेल, तर गोष्ट वेगळी. पण तेव्हा तो कमी खर्चाचा उद्योग राहत नाही, हे मनाशी कबूल करून उतरावं.

गंज काढायला या भागाकडे एक गोष्ट आहे जी शहरातल्या माणसाला सहज मिळत नाही: मळी. साखर कारखान्यात साखर काढून झाल्यावर उरणारा काळा, दाट पाक. त्यातली सेंद्रिय आम्लं आणि शर्करेपासून झालेली इतर द्रव्यं गंजातल्या लोखंडाला धरून विरघळवतात, पण चांगल्या लोखंडाला जवळजवळ हात लावत नाहीत. कारखान्याच्या मळीवर राज्य उत्पादन शुल्क खात्याचं नियंत्रण असतं, म्हणून ती टँकरमधून मागून आणायची वस्तू नव्हे. जनावरांच्या खुराकासाठी म्हणून मिळते तेवढी पुरते. प्लॅस्टिकच्या पिंपात एक भाग मळी आणि नऊ भाग पाणी घ्यायचं. त्यात बिजागऱ्या, ब्रेकचे ड्रम, पाटे धरणारे यू-बोल्ट, बंपरचे आतले ब्रॅकेट बुडवून ठेवायचे. दोन-तीन दिवसांत फेस येतो आणि आंबूस वास सुटतो. पिंप घरापासून लांब ठेवलेलं बरं. उन्हाळ्यात आठवडाभर, थंडीत दोन-तीन आठवडे. बाहेर काढून पाण्याच्या जोरदार धारेखाली धरलं की गंजाचा काळा चिखल निघून जातो आणि खालून करडं, कोरं लोखंड दिसतं, कडा शाबूत, आट्यांसकट. घासून किंवा ग्राइंडर मारून असा आटा वाचत नाही. हे लोखंड उघडं पडलं की तासाभरात पुन्हा तांबूस होतं, म्हणून लगेच पुसून, वाळवून प्रायमर मारायचा. ॲल्युमिनियम आणि जस्ताचे भाग मात्र या पिंपात अजिबात टाकू नयेत. कार्ब्युरेटर टाकला तर खड्डे पडलेला बाहेर येईल.

तळाचा सडका पत्रा कापून नवा घालताना सडक्यावर नवा चिकटवायची घाई होते. वरून दिसायला सारखंच. पण दोन पत्र्यांच्या मध्ये ओल राहते आणि चार पावसाळ्यांत दोन्ही जातात. सडका भाग चकचकीत लोखंड लागेपर्यंत कापायचा, पोकळ पेटीच्या आत पातळ तेल किंवा मेणाचा फवारा मारायचा, आणि तळाची पाणी जाण्याची भोकं मोकळी ठेवायची. लांबी भरताना ती हमखास बुजतात. कापण्याआधी गाडीला खालून नीट आधार द्यावा आणि दारांच्या पोकळीत आडवी पट्टी वेल्ड करून घ्यावी, नाहीतर पत्रा काढताच गाडीचा आकारच बदलतो. पैसे संपत आले तर रंगासाठी थांबता येतं, पण कशावर थांबायचं ते महत्त्वाचं. साधा रेड ऑक्साइड किंवा सरफेसर सच्छिद्र असतो, हवेतली ओल आत घेतो. इपॉक्सी प्रायमरवर गाडी सावलीत वर्षभर निर्धास्त उभी राहते.

आता ब्रेक. जुन्या फियाटला चारही चाकांना ड्रम, आणि सगळ्यांचा मालक एक मास्टर सिलिंडर. एका चाकाला गळती झाली तरी पायाखालचं पेडल सरळ खाली जातं. बऱ्याच वर्षांनी चाकाचा ब्रेक सिलिंडर उघडला की आत तेल नसतं; असतो तो चॉकलेटी राडा, आणि त्यात रुतलेला पिस्टन. ब्रेकचं तेल पाणी शोषतं, त्या पाण्याने सिलिंडर आतून गंजतो आणि त्याला खड्डे पडतात. अशा खड्ड्यांवर नवा रबराचा कप घातला तर तो महिनाभर टिकतो. टर्नरकडून आत पितळी किंवा स्टेनलेस नळी बसवून मूळ मापाला आणलेला सिलिंडर नव्यापेक्षा जास्त टिकतो. लोखंडी नळ्या आणि रबरी होज मात्र नवेच घालायचे. इथे दिसायला बरं आहे म्हणून जुनं ठेवणं हा काटकसरीचा प्रकार नव्हे. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असतो. ड्रममधली धूळ हवेच्या नळीने उडवण्याची गॅरेजातली सवय छातीला घातक आहे; ओल्या फडक्याने पुसावी.

त्या मानाने इंजीन स्वस्तातलं. १०८९ सीसी, चार सिलिंडर, बोअर ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ७५. ओतीव लोखंडाचा ब्लॉक, वर ॲल्युमिनियमचं हेड. जॅम झालेलं असेल तर घाबरायचं नाही आणि दोरी बांधून ट्रॅक्टरने ओढायचं तर मुळीच नाही. पिस्टनच्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीला गंजाने चिकटलेल्या असतात, ओढल्यावर त्या तुटतात आणि भिंतीवर ओरखडे काढतात. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि पातळ ऑइल ओतायचं, दिवसाआड थोडं घालत राहायचं, आणि क्रँकच्या पुढच्या नटाला पाना लावून पुढे-मागे केसभर हलवून पाहायचं. सुटलं की पुढचं काम ठरवता येतं: नुसत्या रिंगा, की बोअरिंग करून मोठ्या मापाचे पिस्टन.

खरी अडचण हेडला येते. बोअरचं जड पाणी वर्षानुवर्षं रेडिएटरमध्ये घातलेलं असतं. त्याचे क्षार नळ्यांत बसतात, आणि ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये पाण्याच्या वाटांच्या कडा खाल्ल्या जातात. तिथे वेल्डिंग भरून हेड फेसिंगला द्यावं लागतं. रेडिएटरच्या टाक्या उघडून नळ्यांतून सळई फिरवून घ्यायची आणि पुढे डिस्टिल्ड पाणी आणि कूलंटच घालायचं. शिसंविरहित पेट्रोलची भीती मात्र अनाठायी. शिसं घातलेलं पेट्रोल २००० मध्ये देशातून गेलं, पण ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये व्हॉल्व्हच्या सीट वेगळ्या कडक धातूच्या बसवलेल्या असतात. त्या सहसा झिजत नाहीत.

ही सगळी कामं शिरूर-दौंडमध्ये होऊ शकतात याचं कारण ट्रॅक्टर. शहरातलं गॅरेज आज भाग बदलतं. दुरुस्त करणारे हात तिथे कमी उरले आहेत. इथे ट्रॅक्टर, उसाच्या ट्रॉल्या आणि पाण्याच्या मोटारींमुळे लेथ, बोअरिंग, रेडिएटर, पाटे यांचे कारागीर अजून धंद्यात आहेत. त्यांना किंगपिनचा बुश दाखवला की ते मापं घेऊन तसाच ओढून देतात. एक मात्र आहे: ऊस गाळपाच्या हंगामात त्यांच्याकडे जायचं नाही. त्यांची खरी सवड पावसाळ्यात. पेंटरचं उलट. पावसाळ्यात ओल्या हवेत मारलेला रंग पांढुरका पडतो. लेथचं काम जून ते सप्टेंबर, रंग दिवाळीनंतर; वर्षाचा असा आराखडा केला की कारागीरही घाईचे दर लावत नाही.

जे ओढून मिळत नाही ते मुंबईकडून येतं. काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी मुंबईत शेवटची नोंदली गेली २९ ऑक्टोबर २००३ रोजी. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून गेली. वर्तमानपत्रांनी गहिवरून लिहिलं. गाडी दुरुस्त करणाऱ्याच्या दृष्टीने या टॅक्सींमुळेच वर्षानुवर्षं गिअरबॉक्स, स्टिअरिंग बॉक्स, डिफरन्शिअल, दिवे आणि दारांच्या काचा मोडीच्या बाजारात येत राहिल्या. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरचे मोडीवाले, ऑपेरा हाउसकडची स्पेअर पार्टची दुकानं, पुण्यात बुधवार-रविवारचा जुना बाजार. हा साठा आता वाढणार नाही, म्हणून यंत्राचे भाग आधी गोळा करून ठेवावेत, लागोत न लागोत. टॅक्सीचा सांगाडा मात्र घेऊ नये. टॅक्सीची यंत्रं आणि दुष्काळी भागातला सांगाडा, ही जोडी सगळ्यात फायद्याची.

वायरिंगबद्दल थोडक्यात: उंदरांनी कुरतडलेलं वायरिंग जोडत बसू नये, पूर्ण नवं ओढावं. साधी गाडी आहे, घरचं वायरिंग करणाऱ्यालाही समजेल असा नकाशा.

आणि काही गोष्टी तशाच सोडायच्या. क्रोमचा मुलामा पुन्हा चढवणं महाग. बंपरवर दोन ठिपके गंजाचे राहिले तर राहू द्यावेत. सीटचं मूळ रेक्झिन फाटलं नसेल तर साबणाच्या पाण्याने धुऊन वापरावं. स्टिअरिंगखालचा गिअरचा दांडा काढून खाली घेणं, रुंद टायर, अलॉय व्हील ही हौस गाडीची किंमत घटवते आणि आरटीओच्या तपासणीत प्रश्न उभे करते.

शेवटची अडचण याच भागातल्या उसातून येते. दौंड, शिरूर, बारामती, इंदापूरचे कारखाने मळीपासून आणि रसापासून इथेनॉल काढतात आणि ते पेट्रोलमध्ये जातं. आज पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. पद्मिनीचे रबरी पाइप आणि पेट्रोल पंपाचा पडदा त्यासाठी बनलेले नाहीत. ते फुगतात, मऊ पडतात आणि गरम इंजिनावर पेट्रोल ठिबकतं. जुन्या टाकीतला साठलेला राळेसारखा थर इथेनॉल सोडवतं आणि तो कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये जाऊन बसतो. शिवाय ते पाणी ओढतं. गाडी दोन महिने उभी राहिली तर पाणी आणि इथेनॉल मिळून टाकीच्या तळाशी वेगळं बसतं. म्हणून इथेनॉलला टिकणारे होज, नवा पडदा, टाकीनंतर, पंपाआधी फिल्टर, आणि गाडी उभी ठेवायची असेल तर कार्ब्युरेटर कोरडा करून. इथेनॉल मिसळलं की तेवढ्याच हवेला जास्त इंधन लागतं, म्हणून मुख्य जेट एक पायरी मोठा करावा लागतो. मिश्रणात इंधन फार झालं तर पीयूसीत कार्बन मोनॉक्साइड तीन टक्क्यांवर जातं आणि गाडी नापास होते. जेट बदलायचा, पंधरा-वीस किलोमीटर चालवायची, प्लग काढून रंग पाहायचा. पांढरा असेल तर इंधन कमी, काळा असेल तर जास्त, बिस्किटासारखा तपकिरी असेल तर बरोबर.

पहिले पाचशे किलोमीटर शिरूर-न्हावरे-चौफुला रस्त्यासारख्या सपाट रस्त्यावर, पन्नासच्या आत काढावेत. घाटाच्या वाटेला जाऊ नये. त्यानंतर इंजीन रात्रभर थंड होऊ द्यायचं, सकाळी हेडचे नट पुस्तकात दिलेल्या क्रमाने पुन्हा आवळायचे, टॅपेटची फट बघायची आणि ऑइल बदलायचं. जुन्या ऑइलमध्ये चुंबक फिरवून त्याला काय चिकटतं ते फडक्यावर पुसून पाहायचं. बारीक करडी पूड असेल तर नव्या रिंगा बसत आहेत. चकाकते कण दिसले तर गाडी परत मिस्त्रीकडे.